चार्ज न देता गेलेला मॅनेजर

आमच्या गिरगावच्या चाळीत क्रिकेटवेडी माणसं खंडीभर होती. फुटबॉलचं वेड असलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा बाप होता. अण्णा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. रोव्हर्स कपचे सामने सुरू झाले की त्यांना दुपारनंतर कचेरीबाहेरची कामं निघायची आणि ती सगळी कुपरेज मैदानाच्या आसपासच असायची. रात्री जेवताना ते आईला सगळा सामना पुन्हा खेळून दाखवत. आमटीची वाटी म्हणजे गोलकीपर, मिठाची चिमूट म्हणजे सेंटर फॉरवर्ड. आईला फुटबॉल गोल असतो यापलीकडे काही ठाऊक नव्हतं, पण ती ऐकायची. वाटी लवंडू नये एवढीच तिची काळजी.

माझा जन्म १९६०चा. म्हणजे अण्णांच्या ऐन उमेदीतले सामने मी पाहिले नाहीत, ऐकले. त्या सगळ्या गोष्टींत एक खलनायक ठरलेला असे : हैदराबाद सिटी पोलीस. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे अण्णांच्या लेखी मुंबईची घरची पूजा, आणि हैदराबादचे हे पोलीस १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षं येऊन प्रसाद घेऊन गेले! अण्णांचं ठाम मत असं, की त्या शहरात चोऱ्या होत नसाव्यात. नाहीतर शिपायांना इतका सराव करायला सवड कुठून मिळणार? राग मात्र पोलिसांपेक्षा त्यांना शिकवणाऱ्या माणसावर अधिक. सय्यद अब्दुल रहीम हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, तक्रारीच्या सुरात.

फुटबॉलशौकिनाची ही जुनी खोड आहे. जिंकलो तर आपला सेंटर फॉरवर्ड मोठा, हरलो तर आपला मॅनेजर नालायक. आणि समोरचे जिंकले तर त्यांचा मॅनेजर कपटी. अण्णा त्याला अपवाद नव्हते. मीही नाही.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९चा, हैदराबादचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात, पेशा शाळामास्तराचा. तरुणपणी स्वतः फुटबॉल खेळले. पण मैदानावर त्यांचं नाव झालं ते शिकवणारा म्हणून. १९४३ साली हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे ते चिटणीस झाले आणि मरेपर्यंत त्या जागी राहिले. १९५० मध्ये सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला आणि त्याच सुमारास भारताचाही. पुढच्याच वर्षी दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलाने इराणला १-०नं हरवून आपण सुवर्णपदक घेतलं. कप्तान शैलेन मन्ना.

१९८८ साली माझी हैदराबादला बदली झाली. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ येत. पैसे पाच मिनिटांत मिळायचे, पण ते तासभर बसायचे, कारण मी मुंबईचा आणि कुपरेज पाहिलेला. रहीमसाहेबांचं नाव निघालं की त्यांची पाठ खुर्चीत ताठ व्हायची. अण्णांचा खलनायक इथे देवघरात होता. मास्तरांच्या तालमीच्या पहिल्या गोष्टी मी त्यांच्याकडूनच ऐकल्या. रहीमसाहेब अशा स्पर्धा भरवत की जिथे चेंडू पायाशी खेळवत बसायला बंदी. आला की पुढे द्यायचा. दुसरी स्पर्धा अशी की ज्याचा जो पाय कच्चा, त्यानेच खेळायचं. उजव्या पायाच्या पोराला डावा पाय नुसता उभं राहण्यासाठी नसतो हे कळेपर्यंत सुटका नाही. व्याख्यान देऊन हे साधत नाही. खेळाचा नियमच बदलला की पोरं आपोआप शिकतात. मास्तरकी म्हणतात ती हीच.

सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुडाचा तुलसीदास बलराम हा गरीब घरचा पोरगा. त्याला सरावाला यायला पैसे नव्हते. रहीमसाहेब सायकलच्या भाड्याचे पैसे खिशातून देत. बलराम २०२३ मध्ये गेले. तोवर ही आठवण त्यांनी अनेकदा सांगितली होती. शाळामास्तराच्या पगारात त्या भाड्याची किंमत काय असेल, हे पगारावर जगलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण माझं या माणसाकडे लक्ष खरं वेधलं ते एका पराभवाने. १९५२, हेलसिंकीचं ऑलिंपिक. समोर युगोस्लाव्हिया. तिथली थंडी, आणि आपले बरेच खेळाडू अनवाणी. निकाल : युगोस्लाव्हिया दहा, भारत एक. तो एक अहमद खानचा. दहा गोल! आज असं झालं तर प्रशिक्षकाला विमानतळावरून घरी जाणं मुश्कील. युगोस्लाव्हियाने त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं हे खरं. पण हरलेल्या संघाच्या शौकिनांना असले हिशेब पटत नाहीत.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, बूट घालणं सक्तीचं झालं. दुसरी, पुढच्या ऑलिंपिकला संघ पुन्हा रहीमसाहेबांच्याच हाती दिला गेला. बुटांचं सगळे सांगतात. मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. याला कारण खाजगी आहे. शाखाधिकारी म्हणून माझं पहिलं वर्ष असंच दहा-एकचं गेलं होतं. ठेवी घटल्या, दोन मोठी कर्जं थकली. वरचे एक साहेब मला हलवायला निघाले होते, दुसऱ्यांनी आणखी एक वर्ष द्यायला लावलं. त्या वर्षात मी फार हुशार झालो असं नाही. पण चुका कुठे झाल्या हे शाखेत फक्त मलाच माहीत होतं.

रहीमसाहेबांनाही ते माहीत असावं. मेलबर्नला १९५६ मध्ये आपला संघ गेला तो वेगळाच होता. त्या काळी सेंटर फॉरवर्ड पुढे तळ ठोकून चेंडूची वाट बघे. रहीमसाहेबांनी एका फॉरवर्डला मागे ओढून मधल्या फळीजवळ ठेवलं. त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू पेचात पडे : पाठलाग करावा तर मागे खिंडार, न करावा तर हा मोकळा. हंगेरीच्या संघाने याच युक्तीने युरोपला चकित केलं होतं. पहिल्या फेरीत आपली गाठ त्याच हंगेरीशी होती, पण त्यांनी माघार घेतल्याने आपण न खेळता पुढे गेलो. मग १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२नं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक.

नेव्हिल मूळचा गोव्याचा, खेळायचा मुंबईत. अण्णांनी त्याला कुपरेजवर डोळे भरून पाहिलेलं. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र त्यांनी जपून ठेवलं होतं; ते पिवळं कात्रण मी लहानपणी ट्रंकेत पाहिलंय. आपल्या पोराला जगापुढे उभा केला तो त्याच हैदराबादी मास्तराने, हे कबूल करणं अण्णांना जड गेलं असणार. पण त्या दिवसापासून ते नुसतं रहीम म्हणायचे थांबले. रहीमसाहेब म्हणू लागले, असं आई सांगायची.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल पुन्हा नेव्हिलचा! दोनेक मिनिटं भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या वाटेवर होता. मग त्यांनी चार मारले. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाशीही आपण ०-३ हरलो. चौथा क्रमांक आपण अजून मिरवतो. तीनपैकी एकच सामना जिंकून तो मिळाला, हेही शौकिनाने लक्षात ठेवावं. तरी दहा-एकच्या जागी चार-एक, आणि त्यातही आधी आघाडी, हा चार वर्षांतला फरक अपघाताचा नव्हे.

१९६०ला रोममध्ये आपण हंगेरीशी १-२ आणि पेरूशी १-३ असे हरलो. फ्रान्सशी मात्र कप्तान प्रदीपकुमार तथा पी. के. बॅनर्जीच्या गोलावर शेवटची दहा मिनिटं येईपर्यंत पुढे होतो, अखेर १-१. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. निवडला गेला, रोमला गेला आणि एकाही सामन्यात मैदानावर उतरला नाही. संघ बापाच्या हाती होता. आपल्याकडे मुलासाठी खुर्च्या कशा हलतात हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून ही गोष्ट मला पदकाइतकी वजनदार वाटते. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय पंच झाले. २०२१ मध्ये ते गेले.

मग जकार्ता. ऑगस्ट १९६२. रहीमसाहेबांच्या शरीरात कर्करोग शिरला होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ०-२नं हरवलं. थायलंडला ४-१नं हरवलं, पण त्यात जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानवर २-० असा विजय त्याच्याविना मिळाला. त्यात राजकारण पेटलं. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नव्हतं. तेव्हा या खेळांना आशियाई म्हणू नये, अशी भूमिका आपले गुरुदत्त सोंधी यांनी घेतली. जकार्ता भारतावर खवळली, आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला.

व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी रहीमसाहेबांनी जे केलं, ते शाखेतल्या खजिनदाराला उचलून वसुलीला धाडण्यासारखं होतं. जर्नेल हा बचावाचा खांब. टाके पडलेल्या डोक्याने तो मागे खेळणं धोक्याचं. मग त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड केलं. फसलं असतं तर अण्णांसारख्या हजारोंनी मास्तरांचा उद्धार केला असता. जर्नेलने गोल केला, आपण ३-२ जिंकलो.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा कोरियाशी. आदल्या रात्री मास्तरांनी खेळाडूंकडे उद्याचं सुवर्णपदक भेट म्हणून मागितलं, असं पी. के. बॅनर्जी पुढे सांगत. खच्चून भरलेलं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलमध्ये परतला. सतराव्या मिनिटाला बॅनर्जींचा गोल, विसाव्या मिनिटाला जर्नेलचा. कोरियाने एक फेडला तो अगदी शेवटी. २-१. या संघात हाफबॅक फोर्तुनातो फ्रँको होता. तोही गोव्याचा आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा. आता अण्णांना खलनायक उरलाच नव्हता.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला रहीमसाहेब गेले. वय त्रेपन्न.

बँकेत मॅनेजरची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. किल्ल्या, तिजोरी, थकलेल्या खात्यांची यादी. नवा माणूस सही करतो तेव्हाच जुना सुटतो. चांगला मॅनेजर त्याशिवायही दोन गोष्टी कानात सांगून जातो. रहीमसाहेबांचा चार्ज कुणी घेतला? मरणाने त्यांना सवड दिली नाही हे खरं. पण बारा वर्षं असा माणूस हाताशी असताना त्याच्या हाताखाली दुसरा तयार करण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांना ती आठवली नाही. १९६४ला इंग्रज प्रशिक्षक आणावा लागला. ठेवीदार गेला तरी मुदत संपेपर्यंत व्याज जमा होत राहतं, तसं थोडं होत राहिलं. १९६३चा रोव्हर्स कप आंध्र पोलिसांनी नेला, १९६४च्या आशिया कपात भारत दुसरा आला. मग खातं रिकामं झालं. रोमनंतर आपण ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये दिसलो नाही. १९७०चं बँकॉकचं कांस्यपदक सोडलं, तर जकार्तानंतर आशियाई खेळांच्या फुटबॉलमध्ये पदकही नाही. रोव्हर्स कप नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला.

२०२४ मध्ये रहीमसाहेबांवर ‘मैदान’ हा हिंदी सिनेमा आला. मी नातवाला घेऊन गेलो. घरी आल्यावर जेवताना त्याने विचारलं, जर्नेल सिंगला पुढे आणलं म्हणजे नेमकं काय केलं? मी आमटीची वाटी उचलली आणि त्याच्या ताटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.