तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचे एक कोटीचे कर्ज

इंदूरचे नाव काढले की आपल्याकडे अहिल्याबाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण गेल्या मे महिन्यात आजोळी गेले असताना मला मात्र त्याच गादीवर पुढे बसलेल्या दुसऱ्या तुकोजीरावांनी पछाडले. निमित्त झाले आमच्या ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरचे.

तुकोजीरावांचा जन्म १८३५ चा. गादीला वारस न उरल्याने १८४४ साली या नऊ वर्षांच्या मुलाला राजा करण्यात आले. मुलगा लहान, तेव्हा कारभार दुसऱ्यांच्या हाती आणि त्यावर इंग्रज रेसिडेंटची नजर. १८५२ मध्ये, म्हणजे आज आपण बारावीला असतो त्या वयात, सगळा अधिकार त्यांच्याकडे आला. पाचच वर्षे गेली आणि १८५७ उजाडले. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांत होळकरांच्याच फौजेतले लोक होते. तिथला इंग्रज अधिकारी ड्युरँड याला सिहोरकडे निघून जावे लागले, आणि महाराजांचे यात अंग असावे हा संशय त्याने कधीच सोडला नाही. बावीस वर्षांचा राजा, फौज हाताबाहेर, डोक्यावर इंग्रज! पुढे १८६१ साली त्यांना सरकारी किताब मिळाला, पण मनातली अढी काही गेली नाही.

आणि याच राजाने त्याच सरकारला १८७० च्या सुमारास एक कोटी रुपये कर्ज दिले! खंडव्याहून इंदूरपर्यंत आगगाडी आणण्यासाठी. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे. शिवाय जमीन फुकट. मामांचे मत असे की ही खुशामत होती, सत्तावन्नचा डाग धुण्यासाठी मोजलेली किंमत. मला ते पटेना, पण खोडून काढायला हाताशी काही नव्हते. मग मामेभावाने सुचवले की तू पेपरात शिकतेस ते गणितच यावर लावून बघ.

गणित असे असते. गावे म्हणजे बिंदू, वाटा म्हणजे रेघा. प्रत्येक रेघेवर दोन आकडे लिहायचे : एका वेळी किती माल जाईल आणि एका नगाला खर्च किती पडेल. मधल्या गावात जितका माल येतो तितकाच बाहेर पडला पाहिजे, माल वाटेत नाहीसा होत नाही. आमच्या कन्नड मैत्रिणी प्रवाहाला हरिवु म्हणतात; कालव्याचे पाणी डोळ्यांसमोर आणले की दोन्ही भाषांत चटकन समजते. हाताने हे कोष्टक सोडवायला तास जातो. दादाने त्यासाठी पायथॉनमध्ये ओआर-टूल्स नावाची तयार लायब्ररी वापरली. आपण फक्त रेघा आणि आकडे पुरवायचे, कमीत कमी खर्चाची वाटणी ती क्षणात काढते.

एक बाजू माळवा, म्हणजे कापूस आणि अफू. दुसरी बाजू मुंबई. आगगाडीपूर्वी इंदूरहून दोन वाटा धरल्या : एक सिमरोलचा घाट उतरून बडवाहवरून खंडव्याला, जिथे मुंबईची रेल्वे आधीच आली होती, दुसरी आग्रा रस्त्याने खलघाटावरून खानदेशात. दर आणि क्षमता मी अंदाजाने घातल्या, कारण मला रक्कम नको होती, अडचण कुठे आहे ते पाहायचे होते. पहिल्या खेपेला उत्तरच आले नाही. माळव्यातून निघणारा माल आणि मुंबईला पोहोचणारा माल यांची बेरीज मी जुळवली नव्हती. जमाखर्च न जुळवता वाणिज्य शाखेची मुलगी पुढे गेली, म्हणून दादा दिवसभर हसत होता.

दुसऱ्या खेपेला उत्तर आले. मग एकेका रेघेची क्षमता एका नगाने वाढवून बघितली. घाट रुंद केला : एकूण खर्च तसाच. खंडव्याची रेल्वे वाढवली : तसाच. बडवाहची नर्मदा पार करण्याची क्षमता वाढवली, आणि खर्च खाली आला. पावसाळ्यात नावा बंद धरल्या की दोन्ही वाटा एकाच नदीशी अडतात. तुकोजीरावांकडे यंत्र नव्हते, पण पुरात तटलेल्या बैलगाड्यांच्या रांगा तर दिसत असतीलच. त्यांच्या पैशाने निघालेल्या मार्गावर मोरटक्क्याजवळ नर्मदेचा रेल्वेपूल १८७६ साली झाला. पाताळपाणी ते कालाकुंड हा घाट सर्वांत अवघड, चाळीस फुटांना एक फूट चढ. ज्यांनी आपल्याकडचा कॅसल रॉकचा घाट पाहिला आहे त्यांना कल्पना येईल. १८७८ पर्यंत गाडी सगळा मार्ग धावू लागली.

एक गोष्ट मात्र खटकली. ही लाईन मीटरगेज आणि खंडव्याची मोठी लाईन ब्रॉडगेज. म्हणजे प्रत्येक गाठोडे खंडव्याला उतरवून पुन्हा चढवायचे. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी खंडवा हे एकच गाव दोन बिंदूंत फोडून मध्ये हमालीची रेघ घालावी लागली. ती रेघ पुढे शंभराहून जास्त वर्षे राहिली.

पण खरा पेच पुढेच आला. रेघ बांधायचा खर्च यात कुठे धरायचा? एक कोटी हे एकदाच लागतात, माल जावो न जावो, आणि साधे प्रवाहाचे गणित फक्त असलेल्या वाटा जाणते. दादाने बांधायची की नाही असा होय-नाहीचा प्रश्न वेगळा घातला. तेव्हा मी अडले. वर्षाचे साडेचार लाख व्याज सरकारच्या वहीत खर्च आणि होळकरांच्या वहीत उत्पन्न! कोणाचा खर्च कमी करायचा हे ठरवल्याशिवाय गणित सुरूच होत नाही. सरकारच्या बाजूने मांडले की महूची छावणी जवळ येते, सत्तावन्न पुन्हा घडले तर फौज लवकर पोहोचते. होळकरांच्या बाजूने मांडले की कापसाला वाट मिळते, वर व्याज. त्याच रुळांवरून दोन्ही जाणार होते, आणि तुकोजीरावांना हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. माझ्या लेखी ते खुशामतखोर नव्हते, हिशेबी होते. मामा अजून ऐकत नाहीत.

हिशेबाचे वेड त्यांना होतेच. इंदूरला संस्थानची कापडगिरणी त्यांच्याच काळात निघाली. १८७३ ते १८७५ या काळात तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव त्यांचे दिवाण होते. १८८६ मध्ये तुकोजीराव वारले. कर्जाची मुदत संपायची ती १९७१ साली. तोवर कर्ज घेणारे सरकार गेले होते, देणारे संस्थानही १९४८ मध्येच विलीन झाले होते.

२०२३ साली ती मीटरगेज गाडी बंद झाली. घाटाच्या तुकड्यावर २०१८ पासून सहलीची हेरिटेज गाडी आहे, ती वेगळी. त्यामुळे परतताना मी इंदूरहून बसने खंडव्याला निघाले. मोरटक्क्याच्या पुलावर वाहनांची रांग लागली होती. खाली नर्मदा उन्हाळ्यातही रुंद वाहत होती, आणि आमची बस अर्धा तास तिथेच उभी राहिली.