घरात समुद्र आणणारा माणूस

घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावली की पहिले काही आठवडे तिच्यात मासा नसतो. मीठ विरघळवलेले पाणी, तळाशी वाळू, दोन-चार सच्छिद्र दगड आणि वर दिवा. घरातली मुले रोज विचारतात, मासे कधी आणायचे? जाणकार सांगतो, अजून नाही. प्रवाळ ठेवायचे असतील तर आणखी थांबायचे. ज्यांना हा धीर धरवत नाही त्यांचे मासे आठवडाभरात मरतात.

पाणी आधी मुरू द्यायचे आणि प्राणी नंतर सोडायचे, ही शिस्त सर्वसामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत पहिल्यांदा मांडणाऱ्यांपैकी एक म्हणजे फिलिप हेन्री गॉस. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तोही त्यांनीच. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. त्याआधी लोक ‘ॲक्वा-व्हिव्हेरियम’ असे लांबलचक काहीतरी म्हणत. गॉस यांना आटोपशीर शब्द हवा होता. मुंबईच्या तारापोरवाला ॲक्वेरियमपासून कोपऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या दुकानाच्या पाटीपर्यंत आज तोच शब्द दिसतो.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार होते, त्यामुळे घरात पैसा कमी आणि रंग-कुंचले जास्त. बालपण पूल या बंदराच्या गावात गेले. १८२७ मध्ये, सतराव्या वर्षी, ते अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीत हिशेबनीस म्हणून रुजू झाले. तेथे १८३२ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि कीटक गोळा करण्याचा नाद लागला. शाळा-कॉलेजात कोणी त्यांना निसर्गविज्ञान शिकवले नव्हते. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात काही महिने मास्तरकी केली. १८४४ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी जमैकाला गेले आणि दीड वर्षाने परतले ते पक्ष्यांवरचा जाणता लेखक होऊनच. मिळेल ते काम करायचे आणि फावल्या वेळात प्राणी पाहायचे, अशी पस्तीस वर्षे गेली.

१८४८ मध्ये एमिली बोज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघेही अत्यंत धार्मिक, ‘ब्रदरेन’ या कडक पंथाचे. पुढच्या वर्षी मुलगा एडमंड झाला. घर चालायचे ते लेखणीवर. गॉस यांनी पुस्तकांमागून पुस्तके लिहिली, दिवसाचे तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि १८५२ च्या सुरुवातीला तब्येत कोलमडली. डोकेदुखी, अपचन, काम करवेना. हवापालटासाठी ते कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले.

तिथे आजारी माणसाने काय करावे? ओहोटीच्या वेळी खडकांत उतरावे, कंबरभर पाण्यात उभे राहावे, डबक्यांत डोकावावे. गॉस यांनी तेच केले आणि बरे झाले. समुद्रफुले, म्हणजे सी-ॲनिमोन, त्यांच्या विशेष आवडीची. ती त्यांनी पाहिली, चितारली, एकदा तर शिजवूनही खाल्ली. तिथल्या खडकांना इंग्लंडच्या थंड पाण्यात वाढणारे एक छोटे प्रवाळही चिकटलेले असते. पेल्याच्या आकाराचा एकटा सांगाडा आणि त्यातून बाहेर येणारी पारदर्शक शुंडके. कोकणातला माणूस ज्याला पोवळे म्हणतो त्याच मोठ्या कुळातले हे एक गरीब नातेवाईक.

हे प्राणी किनाऱ्यापासून दूर कसे जगवायचे, हा प्रश्न तेव्हा काही जणांना पडला होता. सर्वांत आधी तो व्यवहारात सोडवला तो ॲना थिन या बाईंनी. १८४६ मध्ये त्यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून अशी प्रवाळे एका बरणीत घालून लंडनला आणली आणि वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारातील आपल्या घरी काचेच्या भांड्यांत ठेवली. समुद्राचे ताजे पाणी सतत मिळणे शक्य नव्हते. म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही, म्हणजे त्यात हवा मिसळे. आज टाकीमागे घरघरणारा पंप करतो ते काम तेव्हा एका मुलीचे हात करीत होते. तिचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही. पुढे थिनबाईंनी भांड्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि प्रवाळे जवळपास तीन वर्षे तगली. त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनतज्ज्ञ गोड्या पाण्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाहत होते. वनस्पती प्राणवायू सोडतात, प्राणी तो घेतात, आणि गोगलगायी सडका पाला खाऊन टाकतात. तिघांचा मेळ बसला की पाणी बदलावे लागत नाही, हे त्यांनी दाखवले.

गॉस यांनी हे सारे समुद्राच्या पाण्यात आणले आणि लोकांपर्यंत नेले. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात काचेच्या टाक्यांचे दालन उघडले, ते जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी समुद्रजीवांचा मोठा पुरवठा गॉस यांनी केला. त्याच वर्षी डेव्हनच्या किनाऱ्यावरचे त्यांचे पुस्तक आले आणि १८५४ मध्ये ‘द ॲक्वेरियम’. त्यातली रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढलेली होती.

पण लंडनमधल्या माणसाने समुद्राचे पाणी आणायचे कुठून? रेल्वेने पिंपे मागवता येत, पण ते महाग पडे. गॉस यांनी इंग्लिश खाडीच्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवले आणि घरच्या घरी पाणी बनवले. साधे मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियम क्लोराइड २०० ग्रेन, पोटॅशियम क्लोराइड ४० ग्रेन. आजच्या मापात अनुक्रमे सुमारे १००, ७, १३ आणि अडीच ग्रॅम. त्यात जेमतेम चार क्वार्ट पाणी. घनता बरोबर आहे का हे पाहायला काचेचा एक पोकळ मणी पाण्यात सोडायचा. १०२६ या अंकाचा मणी हळूच बुडाला की पाणी जमले. आजही प्रवाळांच्या टाकीचे पाणी १.०२५ ते १.०२६ याच घनतेला ठेवतात. मोजायचे साधन तेवढे बदलले.

या मिश्रणात त्यांनी चुना घातला नाही. तो लागेल तेवढा साध्या पाण्यातून आणि तळच्या खड्यांतून मिळेल, असा त्यांचा अंदाज होता. समुद्रफुलांना तेवढे पुरते, कारण त्यांना सांगाडा नसतो. प्रवाळांचे गणित वेगळे. त्यांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. पाण्यातले कॅल्शियम ते रोज वापरून टाकतात आणि टाकीत ते आपोआप परत येत नाही. म्हणून प्रवाळ पाळणारा आज लिटरमागे साधारण ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम राखायला धडपडतो आणि दर आठवड्याला तपासणीच्या नळ्या घेऊन बसतो.

पाणी तयार झाल्यावर गॉस यांनी लगेच प्राणी सोडले नाहीत. आधी धुतलेले खडे आणि हिरवे शेवाळ वाढत असलेले दगडाचे एक-दोन तुकडे टाकले. शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू पाण्यात पसरू दिले. प्राणी आले ते त्यानंतर, आणि ते जगले. शेवाळ आणताना ते उपटायचे नाही, हा त्यांचा ठाम आग्रह होता. समुद्री शेवाळाला मुळे नसतात, ते खडकाला नुसते चिकटते. तेव्हा हातोडा आणि छिन्नी घेऊन खडकाचा तुकडाच काढायचा आणि दगडासकट टाकीत ठेवायचा.

याचे श्रेय ते शेवाळाच्या प्राणवायूला देत. ते अर्धे खरे होते. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विष ठरतो. त्या अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात, ते दगडाच्या छिद्राछिद्रांत राहतात. गॉस यांच्या दगडासोबत तेही टाकीत आले होते. या जिवाणूंना वेगळे करून त्यांचे काम उलगडले ते सर्गेई विनोग्राड्स्की यांनी, १८९० मध्ये. तोपर्यंत गॉस यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. कारण माहीत नसताना कृती अचूक, असे विज्ञानात वरचेवर घडते. आजच्या छंदींच्या भाषेतला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे हाच दगड.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. त्यात गॉस यांचे पुस्तक आले आणि १८५५ मध्ये खिशात मावेल अशी मार्गदर्शिकाही. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत टाक्या दिसू लागल्या. लंडनच्या पोर्टलंड रोडवर विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी टाक्या, प्राणी आणि समुद्राचे पाणी विकणारे दुकानच काढले. चार्ल्स किंग्जली या लेखकाने टॉर्कीहून गॉस यांना प्राण्यांच्या करंड्या पाठवल्या आणि स्वतःही किनाऱ्यावर एक पुस्तक लिहिले. सुट्टीत गॉस हौशी स्त्री-पुरुषांना घेऊन खडकांत जात, वाकून दाखवत, नावे सांगत. सगळ्यांच्या हातात बरण्या, आणि काहींच्या हातात हातोडा-छिन्नी.

हा बहराचा काळ फार टिकला नाही. १८५६ मध्ये गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी एमिली यांच्या स्तनात गाठ सापडली. कर्करोग होता. शस्त्रक्रियेऐवजी त्यांनी लंडनमधील एका अमेरिकन डॉक्टरचा उपचार निवडला. गाठ जाळून बाहेर काढणारा लेप लावायचा, चाकू नाही, असे त्याचे आश्वासन. तो लेप अतोनात वेदना देणारा निघाला. गाठ गेली नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली गेल्या, तेव्हा एडमंड सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी गॉस यांनी ‘ओम्फॅलोस’ लिहिले. पृथ्वीचे वय लाखो वर्षे दाखवणारे जीवाश्म आणि बायबलातली निर्मितीकथा यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. देवाने जग निर्माण केले ते जुनेपणाच्या खुणांसकटच, असा त्यांचा युक्तिवाद. भूगर्भशास्त्रज्ञ हसले आणि श्रद्धावानही दुखावले, कारण देवाने खडकांत फसवणूक लिहून ठेवली असा त्याचा अर्थ निघत होता. स्वतः किंग्जलींनाही तो पटला नाही. इतके बारकाईने पाहणारे डोळे आणि हा निष्कर्ष एकाच माणसाचे कसे, याचे आजही नवल वाटते.

खचलेले गॉस मुलाला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्चला कायमचे राहायला गेले आणि पुन्हा ओहोटीच्या पाण्यात उतरले. ब्रिटिश समुद्रफुले व प्रवाळांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ तिथे पुरा झाला, १८६० मध्ये. ॲना थिन यांच्या प्रवाळांच्या निरीक्षणांना १८५९ मध्ये विज्ञानपत्रिकेत जागा मिळाली, त्यातही गॉस यांचा हात होता. १८६० च्या अखेरीस त्यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला आणि घर सावरले.

पण ती डबकी आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. हजारो वर्षे कोणी हात न लावलेल्या खडकांवर बरण्या घेऊन फौजा उतरल्या होत्या. जिथे समुद्रफुलांचे गालिचे होते तिथे छिन्नीचे वण उरले. खडकच फोडून नेला की त्यावर पुन्हा वस्ती बसायला वर्षे लागतात. त्यातले बहुतेक प्राणी कुणाच्या तरी दिवाणखान्यात महिनाभरात मेले असणार, कारण पुस्तक विकत घेणारे पुष्कळ आणि आठवडाभर थांबणारे थोडे. एडमंड पुढे नामांकित साहित्यिक झाले. १९०७ मध्ये वडिलांवर लिहिलेल्या आठवणींत त्यांनी या उजाड किनाऱ्याबद्दल लिहिले आहे. ही नासधूस आपल्याच पुस्तकांनी ओढवली, याची टोचणी वडिलांना इतर कोणाहीपेक्षा अधिक होती, अशी त्यांची नोंद आहे.

भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. मालवणच्या खडकातला तुकडा घरच्या टाकीसाठी काढणे हा गुन्हा आहे. अलीकडे अनेक छंदी मृत, कोरडा किंवा चक्क सिमेंटचा सच्छिद्र दगड घेतात, त्यावर जिवाणू वाढू देतात आणि दीड-दोन महिने नुसत्या पाण्याकडे बघत बसतात.

उतारवयात गॉस ऑर्किडकडे वळले, मग सूक्ष्मदर्शकाखालच्या चक्रधारी जीवांकडे. त्यांच्यावरचा ग्रंथ त्यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर सी. टी. हडसन यांच्यासह प्रसिद्ध केला. शेवटी नजर आकाशाकडे गेली. हिवाळ्यातल्या एका रात्री उघड्या खिडकीपाशी दुर्बीण लावताना त्यांना थंडी बाधली, त्यातून छातीचा आजार झाला आणि तो पुरता हटला नाही. २३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्चच्या घरी त्यांचे निधन झाले.