बॅरन आरिसाका

पश्चिम जपानांत इवाकुनि नांवाचें गांव आहे. पांच कमानींच्या लांकडी पुलामुळें तें त्या देशांत प्रसिद्ध आहे. ह्याच गांवीं इ. स. १८५२ सालीं नारिआकिरा यांचा जन्म झाला, आणि लहानपणींच ते तोफविद्येंत निष्णात अशा आरिसाका घराण्यांत दत्तक गेले. पुढें हेंच आडनांव जपानी शिपायाच्या बंदुकीचें नांव होऊन बसलें.

त्या काळची जपानची स्थिति वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. १८६८ च्या राज्यक्रांतीच्या वेळीं तेथील फौजांकडे नाना देशांच्या बंदुका होत्या. एकीचें काडतूस दुसरीस चालत नसे. स्वदेशी बंदूक घडविण्याचा पहिला मान त्सुनेयोशि मुराता यांचा. त्यांची १८८० ची बंदूक एका वेळीं एकच काडतूस घेई. १८८९ च्या बंदुकींत आठ काडतुसें राहत, पण तीं एकेक करून भरावीं लागत. ही उणीव दूर करण्याचें काम चीनशीं झालेल्या १८९४-९५ च्या युद्धानंतर टोकिओच्या शस्त्रशाळेंत आरिसाका यांनीं पार पाडलें.

त्यांची बंदूक १८९७ सालीं, म्हणजे मेइजि शकाच्या तिसाव्या वर्षीं, स्वीकारली गेली. म्हणून तिला 'तिसावा नमुना' म्हणतात. नळीचा व्यास अवघा ६.५ मिलिमीटर. पांच काडतुसें एका पट्टीवर लावलेलीं असत व अंगठ्यानें दाबतांच पेटींत उतरत. गोळी लहान असल्यामुळें खांद्यास धक्का कमी बसे. दस्ता दोन तुकडे सांधून केलेला असे, त्यामुळें रुंद अखंड लांकडाची गरज उरली नाहीं. ही युक्ति आम्हांस फार आवडते.

१९०४ सालीं रशियाशीं युद्ध जुंपलें आणि मांचुरियाच्या धुळीनें ह्या बंदुकीची परीक्षा घेतली. बोल्ट, म्हणजे काडतूस नळींत ढकलणारा पोलादी दांडा, धुळीनें अडकूं लागला. शस्त्रशाळेंतील आरिसाका यांचे हाताखालचे अधिकारी किजिरो नांबु यांनीं तो सुधारला. त्यांनीं बोल्टाचे भाग कमी करून सहांवर आणले व त्याबरोबरच सरकणारें पत्र्याचें झांकण बसविलें. हा १९०५ चा 'अडतिसावा नमुना' होय. त्याच्या सुमारें ३४ लाख बंदुका झाल्या. लोक मात्र तिलाही आरिसाकाच म्हणत. नांबु यांच्यावर हा थोडा अन्यायच झाला, असें आम्हांस वाटतें.

आरिसाका यांचें सर्वांत मोठें कार्य मात्र बंदुकीचें नव्हे. पोर्ट आर्थरच्या कोटावर ऑगस्ट १९०४ मध्यें जपानी शिपाई लाटांसारखे चालून गेले व हजारोंनीं पडले. तेव्हां किनाऱ्याच्या रक्षणासाठीं मायदेशीं पक्क्या चौथऱ्यांवर बसविलेल्या २८ सेंटिमीटरच्या प्रचंड तोफा उखडून तेथें न्याव्यात, असें आरिसाका यांनीं सुचविलें. चौथरे नव्यानें बांधून तोफा वेळेवर उभ्या कशा राहणार, ही शंका रास्तच होती. तरीही त्या गेल्या; एकूण १८. प्रत्येकीचा गोळा दोनशें किलोहून जड. ५ डिसेंबरला २०३ मीटर टेकडी हातीं आली, तिच्यावरून नेम साधून बंदरांतील रशियन जहाजें बुडविलीं गेलीं, आणि २ जानेवारी १९०५ रोजीं कोट शरण आला. तोंपर्यंत जपानचे मृत व जखमी पन्नास हजारांवर गेले होते. त्या तोफा आधींच आणल्या असत्या तर किती घरचे दिवे विझले नसते, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

१९०७ सालीं त्यांस बॅरन ही पदवी मिळाली. जानेवारी १९१५ मध्यें, वयाच्या ६२ व्या वर्षीं, ते निवर्तले. त्याच महायुद्धांत इंग्लंड व रशिया ह्यांनीं त्यांच्या नांवाच्या बंदुका विकत घेतल्या. १९३९ सालीं ७.७ मिलिमीटरचा नवा नमुना आला. ह्या बंदुकांच्या माथ्यावर सोळा पाकळ्यांच्या शेवंतीचें राजचिन्ह कोरलेलें असे. १९४५ सालीं जपान शरण गेला तेव्हां अनेक बंदुकांवरील तें फूल शत्रूच्या हातीं देण्यापूर्वीं घासून टाकण्यांत आलें.