जेम्स जूल: श्रम आणि उष्णतेचा हिशेब जुळवणारे शास्त्रज्ञ

जेम्स जूल यांचा जन्म 1818 मध्ये इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे, बिअर बनवणाऱ्या कुटुंबात झाला. मणक्याच्या त्रासामुळे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. खाली येणाऱ्या वजनाने पाण्यातील पाती फिरवून त्यांनी 1840 च्या दशकात दाखवले, की ठरावीक श्रमातून ठरावीकच उष्णता मिळते. आधी फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1889 मध्ये ते वारले. नाव मात्र एककात राहिले.

1 किलोकॅलरी म्हणजे सुमारे 4.2 किलोजूल. सेकंदाला 1 जूल म्हणजे 1 वॅट. दिवसाला 1,700 किलोकॅलरी वापरणारे शरीर सरासरी 82 वॅटने चालते. एकोडीच्या शिवारात धानाची रोवणी करताना हा आकडा कितीतरी वाढतो.

मधुमेहींनो, पाकिटावर 840 किलोजूल दिसल्यास 4.2 ने भागा. उत्तर 200 किलोकॅलरी. एकक वाचल्याशिवाय आहार ठरवू नका.