कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील (जन्म : २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज; मृत्यू : ९ मे १९५९, पुणे) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक, सत्यशोधक विचारांचे कार्यकर्ते आणि रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक होते. जनतेने त्यांना 'कर्मवीर' ही उपाधी दिली. ग्रामीण व गरीब मुलांच्या शिक्षणाआड फीपेक्षाही भूक अधिक येते, हे ओळखून त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. त्या वसतिगृहांचे अन्न मुष्टिफंडातून, म्हणजे घरोघर जमा होणाऱ्या मूठमूठ धान्यातून, आणि विद्यार्थ्यांच्या श्रमांतून उभे केले. त्यांच्या कार्याचा मुख्य प्रदेश आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे होत.

बालपण व शिक्षण

भाऊरावांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात आहे. त्या काळी हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. (१९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.) वडील पायगोंडा हे महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. आईचे नाव गंगाबाई. अस्पृश्य मानलेल्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून लहानग्या भाऊरावांनी विहिरीचा रहाट मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले व जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. या कारणावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांना लाभला. जातवार वसतिगृहे काढून बहुजन समाजाच्या मुलांना शहरात निवारा देण्याचा शाहू महाराजांचा उपक्रम त्यांनी जवळून पाहिला. पुढे स्वतः वसतिगृहे काढताना मात्र त्यांनी जातवार विभागणी टाळून सर्वांना एकाच छपराखाली आणले. शालेय परीक्षांत त्यांना फारसे यश मिळाले नाही. इंग्रजी सहाव्या इयत्तेच्या पुढे त्यांचे औपचारिक शिक्षण गेले नाही.

व्यवसाय आणि डांबर प्रकरण

काही काळ ते साताऱ्यात खासगी शिकवण्या घेत. त्यामुळे 'पाटील मास्तर' या नावाने ते परिचित झाले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, असा दबाव भाऊरावांवर आला. त्यांनी तो झुगारला व त्यासाठी कारावास सोसला. त्या छळाच्या काळात त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला होता.

पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी कर्ज, दुष्काळ आणि निरक्षरता यांची साखळी पाहिली. गावात चौथीपुढे शाळा नाही, तालुक्याच्या गावी राहण्याची सोय नाही आणि सोय झालीच तर रोजच्या भाकरीची तजवीज नाही, अशी बहुतेक मुलांची स्थिती होती.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना

दूधगाव (आजचा सांगली जिल्हा) येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह काढलेले वसतिगृह हा त्यांचा आरंभीचा प्रयोग होय. त्यानंतर नेर्ले आणि काले येथेही वसतिगृहे निघाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. शेतकरी, कारागीर, मजूर अशा सामान्य प्रजेला उद्देशून 'रयत' हा शब्द निवडण्यात आला. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह ठरले.

१९२४ साली संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. १९३२ च्या पुणे करारानंतर पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. सवर्ण व अस्पृश्य विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, हाच त्याचाही हेतू होता.

मुष्टिफंड

वसतिगृह काढणे एक वेळ सोपे होते. ते रोज दोन वेळा जेवू घालणे कठीण होते. आरंभीच्या वर्षांत संस्थेपाशी ठेव नव्हती आणि भरवशाचे अनुदानही नव्हते. या अडचणीवर मुष्टिफंड हा उपाय योजण्यात आला. गृहिणीने दळणाला किंवा स्वयंपाकाला बसताना एक मूठ धान्य अथवा पीठ वेगळ्या मडक्यात टाकावे आणि ठरलेल्या दिवशी वसतिगृहाच्या मुलांनी घरोघर जाऊन ते गोळा करून आणावे, अशी ही साधी पद्धत होती. रोख पैसा ज्यांच्या हाती क्वचितच येई, अशा कुटुंबांनाही मूठभर ज्वारी-बाजरी देणे शक्य होते. सुगीच्या दिवसांत खळ्यावरूनही धान्य मिळे.

गरीब विद्यार्थ्याने लोकांच्या अन्नावर शिकण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनीच होती. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवून अनेकांनी विद्या संपादन केली. परंतु ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती आणि त्यात एकेका मुलाला एकेका घरच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. मुष्टिफंडात हे दोन्ही बदलले. धान्य एका मुलासाठी नव्हे, तर सर्वांच्या कोठीसाठी जमा होई. निरनिराळ्या घरांचे धान्य कोठीत मिसळून जाई, एकाच चुलीवर शिजे आणि सर्व जातींची मुले एका पंगतीत ते खात. सहभोजनाला विरोध असणाऱ्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

तरीही केवळ मागून आणलेल्या अन्नावर मुले वाढावीत, हे भाऊरावांना मान्य नव्हते. मूठभर धान्य हे समाजाचे देणे असेल, तर त्याच्या बदल्यात विद्यार्थ्याने श्रम दिले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक, झाडलोट, शेती, भाजीपाला पिकवणे, खडी फोडणे, इमारतीसाठी दगड-माती वाहणे ही कामे विद्यार्थी करीत. यातूनच 'कमवा आणि शिका' ही योजना आकारास आली.

लक्ष्मीबाईंचा वाटा

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई (माहेरचे नाव आदाक्का) यांनी वसतिगृहातील मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. मुष्टिफंड अपुरा पडे तेव्हा कोठीतील तूट त्यांच्या अंगावरील दागिन्यांनी भरून निघे. एका प्रसंगी धान्य संपले असता त्यांनी आपले मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पुढील विस्ताराचे दिवस त्यांना पाहता आले नाहीत.

शाळा व महाविद्यालयांचा विस्तार

खेड्यांसाठी शिक्षक तयार व्हावेत म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. ज्या गावांत शाळाच नव्हत्या, तेथे संस्थेने शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या व कालांतराने त्या शासकीय यंत्रणेकडे सोपविल्या. १९४० साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये निवासी विद्यार्थी श्रमाच्या मोबदल्यात माध्यमिक शिक्षण घेऊ लागले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कराड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले.

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मृत्यर्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच सुमारास मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. अनेक शाखांचा खर्च अचानक उघड्यावर पडला. त्या काळात लोकवर्गणी, गावोगावचे धान्य आणि शिक्षक-विद्यार्थ्यांचे श्रम यांच्या बळावर संस्था तगली. गाडगे महाराजांनीही सरकारकडे संस्थेची बाजू मांडली आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. मुष्टिफंडाने मिळणारे धान्य मोजमापाने थोडे असले, तरी त्यामुळे हजारो घरांना संस्था आपली वाटू लागली होती, हे या संकटात दिसून आले.

सन्मान व निधन

अंगावर खादी, पायांत वहाणा नाहीत आणि छातीवर रुळणारी दाढी, असे त्यांचे रूप गावोगावी ओळखीचे होते. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी. लिट. पदवी प्रदान केली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. १९८८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वारसा

रयत शिक्षण संस्था आज महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक असून तिचे मुख्यालय साताऱ्यातच आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात विद्यार्थ्यांना काम करून शिकता यावे यासाठी असलेली 'कमवा व शिका' योजना भाऊरावांच्या नावाने चालते. उपाशी मूल शिकू शकत नाही, हे तत्त्व मान्य करून केंद्र सरकारने १९९५ साली शालेय मध्यान्ह भोजनाची देशव्यापी योजना सुरू केली. सातारा-सांगलीच्या खेड्यांत त्या तत्त्वावर त्याच्या सात दशके आधीपासून काम सुरू होते. तेथे धान्य मागायला जाणारे, ते शिजवणारे आणि एकत्र बसून खाणारे हात विद्यार्थ्यांचेच होते.