दोन शरद ऋतूंचा यात्रिक : कवी मात्सुओ बाशो

वैराग्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घरदार सोडून निघालेला मनुष्य उभा राहतो. पण घर सोडले म्हणजे माणसे सुटतात का? आणि ती सुटावीत का? साधनेच्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. जपानचे थोर कवी मात्सुओ बाशो यांनाही तो पडला असावा, असे त्यांचे जीवन पाहताना वाटते. ज्या हायकू काव्यप्रकाराची ओळख कवयित्री शिरीष पै यांनी मराठी वाचकांना करून दिली, त्याला उंचीवर नेणारे ते हेच बाशो. त्यांच्या आयुष्यातील दोन शरद ऋतूंची ही कथा आहे.

केळीच्या नावाचा कवी

बाशोंचा जन्म १६४४ साली इगा प्रांतातील उएनो या गावी झाला. घराणे सामुराईंचे, पण परिस्थिती साधारण. तरुणपणी ते तोदो योशितादा या सरदारपुत्राच्या सेवेत होते. धनी आणि सेवक दोघांनाही कवितेचा नाद होता, त्यामुळे त्यांची मैत्री जडली. १६६६ साली योशितादांचा ऐन तारुण्यात मृत्यू झाला. पुढे बाशो एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत गेले आणि काव्यगुरू म्हणून नावारूपाला आले.

शिष्य वाढले, मान मिळू लागला, आणि नेमके तेव्हाच, १६८० साली, ते शहराची गजबज सोडून सुमिदा नदीपलीकडे फुकागावा येथे एका झोपडीत राहायला गेले. एका शिष्याने अंगणात लावायला केळीचे रोप आणून दिले. जपानी भाषेत या केळीला बाशो म्हणतात. लोक झोपडीला त्याच नावाने ओळखू लागले आणि कवीनेही तेच नाव घेतले. आपल्याकडे केळ म्हणजे मंगलकार्याची शोभा आणि फळांनी लगडलेला घड. तिकडच्या थंडीत मात्र ती खाण्याजोगे फळ देत नाही, आणि वाऱ्याने तिची पाने फाटून जातात. बौद्ध ग्रंथांत तर केळीचे खोड निःसारतेचा दृष्टान्त म्हणून येते. सोलत गेले की आत गाभाच सापडत नाही! बाशो त्या काळी बुच्चो नावाच्या झेन गुरूंकडे ध्यान शिकत होते. तेव्हा हे नाव त्यांना का भावले असेल, हे आपण समजू शकतो.

१६८२ च्या अखेरीस एदोत मोठी आग लागली आणि ती झोपडी जळाली. पुढच्या वर्षी गावी आई वारली. बाशो तिच्या अंत्यसमयी जवळ नव्हते.

पहिला शरद : १६८४

शिष्यांनी नवी झोपडी बांधून दिली, पण बाशोंचे मन तिथे स्थिरावले नाही. १६८४ च्या शरद ऋतूत, वयाच्या चाळिशीत, ते पायी निघाले. सोबतीला चिरी नावाचा एकच शिष्य होता. रस्त्यातच मरण येईल आणि आपली हाडे उघड्या माळावर पडतील, हे गृहीत धरून त्यांनी पाऊल उचलले होते. या यात्रेच्या वृत्तान्ताचे नावही उघड्यावर पडलेल्या हाडांवरूनच आले आहे.

हाकोने घाटात पाऊस आणि धुके होते. फुजी पर्वत दिसलाच नाही, तरी त्यांनी त्या न दिसण्यातही आनंद मानला. पुढे फुजी नदीच्या काठी मात्र त्यांची खरी परीक्षा झाली. तिथे दोन-तीन वर्षांचे एक टाकून दिलेले मूल केविलवाणे रडत होते. बाशोंनी आपल्या बाहीतून खाण्याचे काही काढून त्याच्याकडे टाकले. हे आई-बापांचे नव्हे, दैवाचेच करणे आहे, असे मनाशी म्हणत ते पुढे निघून गेले.

वाचकहो, हे वाचताना आपल्याला बोचते, आणि ते बोचायलाच हवे. मरणाची तयारी ठेवून निघालेला हा यात्रिक एका लेकरासाठी थांबला नाही. पण हेही लक्षात घ्या, की हा प्रसंग आपल्याला कळतो तो बाशोंनी स्वतः लिहून ठेवला म्हणूनच. तो गाळून टाकणे त्यांना सहज शक्य होते. स्वतःला उजळ दाखवण्यासाठी त्यांनी लेखणी वापरली नाही.

इसे येथील देवस्थानी ते संध्याकाळी पोहोचले. त्यांचे डोके मुंडन केलेले होते. बौद्ध भिक्षू समजून त्यांना देवासमोर जाऊ दिले गेले नाही. तसे पाहिले तर ते भिक्षूही नव्हते आणि पुरते गृहस्थही नव्हते.

तिथून ते जन्मगावी आले. थोरल्या भावाने देवाच्या ताइताची पिशवी उघडली आणि आईचे पांढरे केस त्यांच्या हातावर ठेवले. तुझ्याही भुवया आता पिकू लागल्या, असे भाऊ म्हणाला. दोघेही रडले. ज्याने स्वतःच्या मरणाची भीती मागे टाकली होती, तो आईच्या चार केसांपुढे विरघळून गेला.

पुढची वाट यामातोच्या खेड्यांतून जात होती. चिरीच्या गावी बांबूच्या बनाआडून कापूस पिंजण्याच्या धनुकलीचा आवाज येई. योशिनोच्या डोंगरात लाकूडतोड्यांच्या कुऱ्हाडी वाजत. पाचशे वर्षांपूर्वीचे कवी-भिक्षू साइग्यो तिथेच एका कुटीत राहिले होते. त्या जागेजवळचा झरा अजून ठिबकत होता. बाशो तिथे थांबले. शरद सरता सरता ओगाकी येथे एका स्नेह्याच्या घरी पोहोचल्यावर त्यांना जाणवले, की आपण मेलो नाही.

मधली दहा वर्षे

यानंतर बाशो चालतच राहिले. १६८९ साली त्यांनी उत्तर जपानची सुमारे पाच महिन्यांची प्रसिद्ध पदयात्रा केली. पण या काळात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. तोइन नावाचा त्यांचा भाचा क्षयाने आजारी पडला. बाशोंनी त्याला आपल्या झोपडीत ठेवून घेतले आणि त्याची शुश्रूषा केली. १६९३ साली तो तिथेच वारला. नदीकाठी न थांबलेले पाऊल इथे थांबले होते.

शेवटचा शरद : १६९४

बरोबर दहा वर्षांनी, १६९४ च्या शरद ऋतूत, बाशो पुन्हा जन्मगावी होते. प्रकृती ढासळली होती. ओसाकात त्यांच्या दोन शिष्यांमध्ये तेढ निर्माण झाली होती. ती मिटवण्यासाठी थकलेले गुरू नारामार्गे ओसाकाला गेले. तंटा काही मनासारखा मिटला नाही. तिथेच पोटाच्या विकाराने त्यांनी अंथरूण धरले.

अंत जवळ आल्याचे ओळखून त्यांनी मृत्युपत्रे सांगून लिहवून घेतली. एक पत्र मात्र स्वतःच्या हाताने लिहिले. ते थोरल्या भावाला होते, आपण त्याच्या आधी जात आहोत याची क्षमा मागणारे. आईचे केस हातावर ठेवणारा तोच हा भाऊ. २८ नोव्हेंबर १६९४ रोजी बाशोंनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे शिष्यांनी त्यांना बिवा सरोवराजवळच्या गिचूजी मंदिरात चिरविश्रांती दिली.

आपल्यासाठी बोध

बाशोंनी मान, स्थैर्य आणि मरणाचे भय सोडले. हे कठीण असले तरी एका निश्चयाने सोडता येते. माणसांचे दुःख मात्र त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा भेटत राहिले आणि दर वेळी त्यांना नव्याने उत्तर द्यावे लागले. एकदा ते पुढे निघून गेले, एकदा रडले, एकदा सेवेला बसले, आणि शेवटी आजारी शरीर घेऊन दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. यश आले नाही, तरी गेले.

आपल्याला कदाचित पदयात्रेला निघता येणार नाही. पण सत्संगात एकत्र बसणाऱ्या दोघांमध्ये अबोला असेल, घरात कोणी आजारी असेल, किंवा ज्याच्याजवळून आपण कधी पुढे निघून गेलो असा कोणी अजून आठवत असेल, तर आपली यात्रा तिथूनच सुरू होते. आज त्यातल्या एकाकडे अवश्य जाऊन या.