मातीतून औषध काढणारा माणूस : सेल्मन वॅक्समन

मृगाचा पहिला पाऊस पडला की मातीला वास सुटतो. कवींनी त्यावर पुष्कळ लिहिले आहे. मात्र तो वास बव्हंशी मातीतल्या एका सूक्ष्मजंतूच्या कुळाचा असतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. स्ट्रेप्टोमायसीज हे त्या कुळाचे नाव. सेल्मन वॅक्समन या गृहस्थाने आपले सारे आयुष्य या कुळाच्या नादी घालविले.

२२ जुलै १८८८ रोजी युक्रेनमधील नोव्हाया प्रिलुका या खेड्यात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तो मुलूख तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वेळेवर प्रतिविष न मिळाल्याने धाकटी बहीण घटसर्पाने गेली. आईही वारली. १९१० साली त्यांनी अमेरिकेची वाट धरली. न्यू जर्सीत एका नातलगाच्या शेतावर काम करता करता ते रटगर्स येथील कृषिमहाविद्यालयात शिकू लागले आणि मातीतल्या जंतूंची मोजदाद करण्याच्या नादी लागले. पुढे कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवून ते रटगर्सलाच अध्यापक म्हणून परतले. वीसएक वर्षे चाललेल्या या कामात औषधाचा विचार गौणच होता. शेणखत कसे कुजते, जमीन सुपीक कशी होते, हाच त्यांचा विषय!

१९३९ साली त्यांचाच जुना विद्यार्थी रेने द्युबो याने मातीतल्या एका जंतूपासून रोगजंतू मारणारे द्रव्य मिळविले आणि वॅक्समन यांच्या कामाला वेगळे वळण लागले. मातीतले जंतू एकाच घासासाठी झगडत असतात. अन्न संपत आले, बीजाणू धरण्याची वेळ आली, की स्ट्रेप्टोमायसीज शेजाऱ्याला घातक अशी रसायने सोडतात. ही रसायने शोधायची, असे वॅक्समन यांनी ठरविले. अँटिबायोटिक हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तोही त्यांनीच. १९४० साली ॲक्टिनोमायसिन हाती आले, पण ते रोग्यालाही मारील इतके जहाल होते. (पुढे कर्करोगावर तेच कामी आले, ही गोष्ट निराळी.)

ऑक्टोबर १९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयाच्या जंतूंची धास्ती असल्याने त्याचे काम तळघरात चाले. रात्रीही तो तेथेच झोपे. ते जंतू त्याला दोन ठिकाणी मिळाले होते : भरपूर खत घातलेल्या मातीत आणि एका कोंबडीच्या घशात. क्षयावर इलाज म्हणजे हवापालट आणि विश्रांती, एवढेच जगाला माहीत असताना हे औषध आले. जंतूच्या पेशीत प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेला ते चिकटते आणि तिच्याकडून चुका करविते. स्ट्रेप्टोमायसीजचे स्वतःचे काय? तो आपल्याच औषधाच्या रेणूला फॉस्फेट जोडून ते आपल्यापुरते निरुपद्रवी करून ठेवतो!

यानंतरची हकीकत मात्र सुखाची नाही. शाट्झने पेटंटावरचा हक्क सोडला होता. वॅक्समन यांना रॉयल्टीतला वाटा मिळतो, हे त्याला मागाहून कळले. १९५० साली त्याने गुरूवर दावा लावला. तडजोड होऊन शाट्झ सहसंशोधक ठरला. वॅक्समन यांना दहा टक्के आणि त्याला तीन टक्के असा हिस्सा ठरला. तरीही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांनाच मिळाले. शोधाची दिशा गुरूची होती हे खरेच, पण तळघरातल्या रात्री कोणाच्या होत्या? मला तरी येथे वॅक्समन उणे वाटतात. १९९४ साली रटगर्सने शाट्झला पदक दिले, तेव्हा वॅक्समन यांना जाऊन एकवीस वर्षे लोटली होती.

रॉयल्टीच्या पैशातून रटगर्सला सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभी राहिली. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिनमागोमाग स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले.

निसर्गाने दिलेला रेणू बदलून पाहण्याचा उद्योगही लवकरच सुरू झाला. स्ट्रेप्टोमायसिनला हायड्रोजन जोडून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन केले, तर त्याने रोग्यांचे कान अधिकच बधिर होऊ लागले. रेणू नव्हे, तर तो घडविणारी जनुकेच बदलावीत, ही कल्पना फळाला यायला १९८५ साल उजाडावे लागले. डेव्हिड हॉपवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्ट्रेप्टोमायसीजची जनुके दुसऱ्यात घातली आणि पूर्वी निसर्गात न आढळलेले एक संकरित द्रव्य त्यातून मिळाले. ते पाहायला वॅक्समन हयात नव्हते. १६ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले होते.